पंचांना गुण देण्याचा उद्योग

नरसिंहराव त्या संध्याकाळी गप्प बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण समोर गरम बोंड्यांची बशी आली की त्यांना गप्प बसवत नसे.

जयनगरच्या क्रीडा मंडळाची वार्षिक सभा चालली होती. साठ सालच्या आसपासची गोष्ट. जयनगर तेव्हा नुकतंच वसत होतं. घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते आणि प्लॉटांपेक्षा सल्ले जास्त होते. विषयपत्रिकेवर खेळपट्टीसाठी काथ्याचं नवं मॅटिंग घेण्याचा विषय होता, पण सभा घसरली पंचांवर. ज्याला त्याला कधी ना कधी पंचानं चुकीचं बाद दिलं होतं. बरोबर बाद झालेला एकही माणूस त्या सभेत नव्हता. नरसिंहराव दुसऱ्या बोंड्याकडे हात नेता नेता सहज म्हणाले, "आमच्या कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाच्या कामावर वर्षाकाठी शेरा लिहितात. पंचांनीच काय घोडं मारलंय? त्यांनाही कुणीतरी गुण द्यायला हवेत."

मंडळाचे अध्यक्ष आप्पाजी यांची लाकडाची वखार होती, त्यामुळे टेबलावर हात आपटायची त्यांना भीती नव्हती. त्यांनी तो आपटला. "सरी! एकदम बरोबर! यंदाच्या स्पर्धेत पंचांची परीक्षा घ्यायची आणि नापास होईल त्याला घरी बसवायचं. परीक्षक नरसिंहराव!"

टाळ्या पडल्या. बोंडा नरसिंहरावांच्या घशात अडकला.

तसे ते या कामाला अगदीच नालायक नव्हते. क्रिकेट ते कॉलेजात असताना एक हंगाम खेळले होते, म्हणजे बारावे खेळाडू म्हणून पाणी नेत होते. पण शेरे लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कचेरीत कुणी नव्हता. 'समाधानकारक', 'बऱ्यापैकी समाधानकारक' आणि 'सुधारणेस वाव आहे' एवढ्या भांडवलावर त्यांनी आजवर कैक माणसांची कारकीर्द निभावून नेली होती. त्यातला शेवटचा शेरा त्यांनी काळजावर दगड ठेवून एकदाच लिहिला होता. त्या माणसाला बढती मिळाली.

घरी येऊन त्यांनी ही बातमी सांगितली तेव्हा पद्मावतीबाई कॉफी गाळत होत्या.

"परीक्षक म्हणे! आणि पंच कोण कोण आहेत?"

"एक नागोजी, ते पलटणीतून रिटायर झालेले हवालदार. आणि दुसरे..." इथे नरसिंहरावांना स्वतःलाच पहिल्यांदा आठवलं. "दुसरे आपले भीमाचार्य."

पद्मावतीबाईंनी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "अय्यो देवा! अहो, डोकं ठिकाणावर आहे का?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. भीमाचार्यांचा मुलगा हयवदन टेलिफोनच्या कारखान्यात नोकरीला होता आणि त्याचं स्थळ नरसिंहरावांच्या वसुमतीसाठी बघणं चाललं होतं. पत्रिका जुळली होती. मुलाकडच्यांनी मुलगी बघून पसंत केली होती. अडलं होतं ते वसुमतीपाशी. ती शाळेत गणित शिकवायची आणि उत्तर पडताळून पाहिल्याशिवाय खाली रेघ ओढायची नाही. "बघते," एवढंच तिनं सांगितलं होतं, आणि महिना झाला तरी ती बघतच होती.

"मुलीकडचे आपण," पद्मावतीबाई म्हणाल्या. "मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला पाय धुवायला पाणी द्यायचं असतं. मार्क नव्हे! उद्या सकाळी जा आणि सांगा, मला नको, बेड हे काम."

नरसिंहराव दुसऱ्या दिवशी वखारीत गेले. आप्पाजींनी त्यांना सागवानाच्या ओंडक्यावर बसवलं, शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की ठराव आमसभेनं केलेला आहे, तो रद्द करायचा तर पुन्हा आमसभाच भरवावी लागेल, आणि आमसभा वर्षातून एकदाच भरते, ती काल झाली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हे बघा, त्या आचार्याला स्वल्प जपून गुण द्या. जपून म्हणजे कमी. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याला त्यानं पहिल्याच चेंडूवर बाद दिलं. पोरगं अजून नीट जेवत नाही."

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. शेजारचे रत्नाकर पुण्याहून आलेले, एका सरकारी कारखान्यात तयार माल तपासायच्या विभागात इंजिनियर. ते कुंपणावरून वाकून म्हणाले, "नरसिंहराव, इट इज व्हेरी सिंपल. आम्ही बेअरिंग तपासतो ना, तसा पंच तपासायचा. दृष्टी, आवाज, पोशाख, वक्तशीरपणा आणि टेंपरामेंट. प्रत्येकाला वीस मार्क. टोटल मारायची, की झाला रिझल्ट. फक्त इमोशन बाजूला ठेवा."

रत्नाकरांना लग्नाची मुलगी नव्हती. त्यांना इमोशन बाजूला ठेवायला जागा होती.

पलीकडच्या घरातल्या तानूबाईंना क्रिकेटचा गंध नव्हता, तरी त्यांनी सांगितलं की गुण द्यायचेच असतील तर निदान अमावास्या टाळून द्या. सगळ्या सल्ल्यांत पाळता येण्याजोगा तेवढा एकच निघाला.

त्यात खुर्चीचा घोटाळा झाला. परीक्षक गवतावर बसणार कसा, म्हणून मंडळानं सीमारेषेपाशी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायचं ठरवलं. मैदानाच्या रखवालदारानं ती उचलून ठेवली. मैदानात काहीही उभं करायचं तर परवानगी लागते म्हणे. नरसिंहराव परवानगी काढायला पालिकेच्या कचेरीत गेले, तर तिथल्या कारकुनानं पेन दातात धरून बराच विचार केला. खुर्चीला पाय आहेत, म्हणजे ती उभी राहते, म्हणजे ते तात्पुरतं बांधकाम झालं. तात्पुरत्या बांधकामाला नकाशा लागतो. नरसिंहराव स्वतः सरकारी माणूस. ते चिडले नाहीत, उलट त्यांना त्या कारकुनाबद्दल आदरच वाटला. त्यांनी मुकाट्यानं खुर्चीचा नकाशा काढून दिला. तो नामंजूर झाला, कारण त्यात संडास दाखवला नव्हता. शेवटी ते घरून खुर्ची नेऊ लागले आणि रखवालदार आला की उठून, ती हातात उचलून उभे राहू लागले. सामना बघायला आलेल्या लोकांना वाटे, रखवालदार बडा माणूस असणार.

स्पर्धा सुरू झाली आणि नरसिंहरावांनी पंच ही वस्तू आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिली. पंचांचे पांढरे कोट जवळच्या दवाखान्यातून मागून आणलेले असत. नागोजींना तो कोट लष्करी गणवेशासारखा बसे. पण त्यांचा न्याय आवाजावर चाले. अपील जितकं मोठं तितका फलंदाज बाद. हळू आवाजात कुणी विचारलं तर ते ऐकूच आलं नाही असं दाखवत. शिवाय आपली परीक्षा चालू आहे हे कळल्यापासून ते प्रत्येक निर्णयानंतर खुर्चीच्या दिशेनं कडक सलाम ठोकू लागले. नरसिंहरावांना दर वेळी उठून सलाम घ्यावा लागे. त्या गडबडीत पुढचा चेंडू बघायचा राहून जाई.

भीमाचार्यांचं सगळं निराळं. ते निवृत्त संस्कृत शिक्षक. धोतरावर दवाखान्याचा कोट, कपाळावर अंगारा-अक्षता, आणि चेहरा असा की समोरच्यानं आपण गृहपाठ केला आहे का ते आठवावं. मैदानावरच्या निम्म्या खेळाडूंनी त्यांच्या हातची छडी खाल्ली होती. त्यामुळे चेंडू पायावर लागला की गोलंदाज ओरडत नसे, वर्गातल्यासारखं बोट वर करी.

"सर, हाऊज दॅट?"

"नीट विचार."

"हाऊ इज दॅट, सर?"

"हां. आता बस. बाद नाही."

एकादशीला ते कुणालाही पायचीत देत नसत. उपासाच्या दिवशी हिंसा नको. पण खरी गंमत होती त्यांच्या षटकांची. चेंडू मोजायला बाकीचे पंच खिशात खडे ठेवतात, भीमाचार्य सुपारीची खांडं ठेवत. एक चेंडू पडला की एक खांड डाव्या खिशातून उजव्या खिशात जायचं. मात्र खेळ रंगात आला की हात चुकून खिशाऐवजी तोंडाकडे वळे. हिशेब कसा व्हायचा कोण जाणे, पण षटक पाच चेंडूंतच संपायचं. आचार्य शांतपणे सुपारी चघळत स्क्वेअर लेगकडे चालू लागत. गोलंदाज बोट वर करून उभा राही आणि मग आपला आपणच ते खाली घेई.

"अण्णा, ही ओव्हर पण पाचचीच झाली," वसुमती म्हणाली. ती वडिलांसाठी थर्मासमधून कॉफी घेऊन येऊ लागली होती. तिनं यापूर्वी कधी वडिलांच्या कॉफीची एवढी काळजी केली नव्हती. पण जयनगरच्या संघातून हयवदन खेळत होता आणि कॉफी नेमकी त्याची फलंदाजी आली की उकळत असे, हे नरसिंहरावांच्या ध्यानात आलं नाही. ते बिचारे गुणांच्या विवंचनेत होते.

विवंचना साधी नव्हती. दृष्टीला वीसपैकी किती? तोंडभर सुपारी खाणाऱ्या पंचाला वक्तशीरपणाचे किती? खरे गुण दिले तर आचार्य नापास, म्हणजे लग्न मोडलं. खोटे दिले तर आप्पाजी गावभर सांगणार की बापानं मुलीसाठी पेपर फोडला. रात्री झोपेतही ते "सुधारणेस वाव आहे, सुधारणेस वाव आहे" असं पुटपुटत. पद्मावतीबाई म्हणत, "तुमच्यातच आहे. पुरे, साकु! झोपा आता!" शेवटी त्यांनी आपली सगळी सरकारी पुण्याई पणाला लावून शेरे तयार केले. दृष्टी : ऋषितुल्य. आवाज : मोजका. पोशाख : पवित्र. चेंडूंची मोजणी : स्वतंत्र बुद्धीची. वाचणाऱ्याला जे वाचायचं ते वाचता येईल, अशी ती रचना होती. आकडे मात्र त्यांनी अंतिम सामन्यानंतर भरू म्हणून कोरे ठेवले.

अंतिम सामना बसवनगुडीच्या संघाशी होता. रविवार होता, अख्खं जयनगर लोटलं होतं. आप्पाजी डोक्यावर नवा मैसूर पेटा चढवून आले होते. रत्नाकर दुर्बीण घेऊन आले. वसुमती कॉफी घेऊन आली. पंच भीमाचार्यांच्या समोर हयवदन खेळत होता आणि फारच सुरेख खेळत होता. जिंकायला थोड्या धावा उरल्या होत्या. तो टिकला तर जयनगर जिंकणार हे चिंचेखालच्या आईस्क्रीमवाल्यालाही कळत होतं.

आणि चेंडू वळून आत आला. 'टक्' असा स्वच्छ आवाज झाला. चेंडू बॅटच्या कडेला लागला आणि मग पॅडवर आदळला. बसवनगुडीच्या साऱ्या संघानं एकदम बोटं वर केली.

"हाऊ इज दॅट, सर?"

व्याकरण बिनचूक होतं. आचार्यांना पळायला वाट नव्हती. त्यांनी मुलाकडे पाहिलं. प्रेक्षकांकडे पाहिलं. आप्पाजींच्या पेट्याकडे पाहिलं. तोंडातली सुपारी थांबली. आता याला नाबाद म्हटलं तर जग काय म्हणेल, हे त्यांच्या कपाळावर इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं की नरसिंहरावांना ते खुर्चीवरून वाचता आलं. मग आचार्यांचं बोट हळूहळू वर गेलं.

"नॉट आउट!"

सारं मैदान वळून पाहू लागलं. कोण ओरडलं म्हणून नरसिंहरावांनीही इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण खुर्चीवर उभे आहोत, आपला हात हवेत आहे आणि तोंड अजून उघडंच आहे. उघडं आहे तर आहे म्हणून त्यातून आणखी बाहेर पडलं, "बॅटला लागला! आधी बॅट! सगळ्या जगानं ऐकलं! चूक आहे, आचार्य, साफ चूक आहे!"

एवढं बोलून झाल्यावर खुर्ची कलंडली.

ते गवतावरून उठेपर्यंत बसवनगुडीचा कप्तान आचार्यांजवळ गेला होता. तो भला मुलगा होता. "सर, खरंच लागला असेल बॅटला. परत बोलावू का याला?"

आचार्य काही बोलायच्या आत हयवदन म्हणाला, "पंचांनी बोट वर केलंय. मी बाद." त्यानं बॅट काखेत मारली, हातमोजे काढले आणि तो तडक चालू लागला. ना मान हलवली, ना बॅट आपटली. नरसिंहरावांच्या जवळून जाताना थांबून त्यानं वाकून नमस्कार केला, पडलेली खुर्ची उचलून सरळ केली आणि तो पुढे गेला. वसुमतीच्या हातातली कॉफी तिच्या साडीवर सांडत होती, ते तिला कळलं नाही.

पण खरं संकट पुढून येत होतं. भीमाचार्य खेळपट्टी सोडून सीमारेषेकडे चालत आले. नरसिंहरावांसमोर त्यांनी कोट काढला आणि सभेत शाल पांघरावी तसा त्यांच्या खांद्यांवर घातला.

"इतक्या लांबून तुम्हांला इतकं स्वच्छ दिसतं. जवळून आणखी दिसेल. उभे राहा."

"अहो आचार्य, मी... माझं तसं म्हणणं..."

"उभे राहा!" हा आवाज मैदानावरच्या निम्म्या लोकांच्या पाठीला ओळखीचा होता. ती निम्मी माणसं आपोआप उभी राहिली. नरसिंहराव खेळपट्टीकडे चालू लागले.

तिथे गेल्यावर त्यांना काही गोष्टी समजल्या. एक म्हणजे, ऊन थेट डोळ्यांत येतं. गोलंदाज मागून रेल्वेच्या इंजिनासारखा फुंकारत येतो, त्या वेळी मागे वळून बघायची फार इच्छा होते. आणि चेंडू नावाची वस्तू खुर्चीवरून दिसते तशी इथून दिसतच नाही. नुसता आवाज येतो आणि मग सगळे तुमच्याकडे बघतात. पहिल्या अपिलाला ते म्हणाले, "जरा थांबा, विचार करू द्या." फलंदाज तोवर दोन धावा काढून आला. चेंडू मोजायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. कोटाच्या खिशात हात घातला तर उरलेली सुपारी हाताला लागली, पण ती कुठल्या खिशातली कुठे न्यायची हेच कळेना. षटक लांबत चाललं. गोलंदाज काकुळतीला येऊन म्हणाला, "सर, आणखी किती? माझ्या घरी पाहुणे यायचेत." स्क्वेअर लेगवरून नागोजी मात्र प्रत्येक चेंडूला इमानानं सलाम ठोकत होते.

तरीही जयनगरची शेवटची जोडी धावत-पडत जिंकण्याच्या दारात येऊन ठेपली. शेवटच्या जोडीनं अशक्य धाव घ्यायला सुरुवात केली. चेंडू आला, यष्ट्या उडाल्या आणि बसवनगुडीचे सारे खेळाडू "हाऊ इज दॅट!" असं किंचाळत नरसिंहरावांच्या अंगावर धावून आले. नरसिंहराव त्या क्षणी भलत्याच दिशेला बघत होते. एवढा जमाव अंगावर येताना पाहून कुठल्याही सभ्य गृहस्थानं जे केलं असतं ते त्यांनी केलं. डोळे मिटले, मान खाली घातली आणि तोंड वाचवायला हात वर नेला.

हात वर गेला, त्यात बोटही होतं.

बसवनगुडीच्या लोकांनी नाचायला सुरुवात केली. जयनगर हरलं. आप्पाजींनी पेटा काढून हातात घेतला आणि ते जे काही बोलले ते वखारीच्या माणसालाच शोभलं असतं. पंचांना गुण देण्याचा ठराव आमसभेची वाट न बघता मैदानावर, उभ्या उभ्या रद्द झाला.

नरसिंहराव घरी आले ते मागच्या दारानं. पुढच्या दारी रत्नाकर त्यांचं टेंपरामेंट तपासायला उभे होते. पद्मावतीबाईंनी न मागता कॉफी पुढे ठेवली, तीत साखर नव्हती. दिवेलागणीला फाटक वाजलं. भीमाचार्य सपत्नीक येत होते.

"आलं," नरसिंहराव पुटपुटले. "पत्रिका परत करायला आले."

आचार्य ओसरीवर बसले. पाणी प्याले. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताचं बोट पुढे धरलं.

"नरसिंहराव, हे बोट वर जात होतं तेव्हाच मला कळलं होतं, बॅटला लागलाय. पण वर गेलेलं बोट खाली कसं आणायचं, ते मला उभ्या आयुष्यात कुणी शिकवलं नाही. मास्तर माणूस. वर्गात माझी चूक दाखवायची कुणाची छाती नव्हती आणि घरात कुणाला फुरसत नव्हती."

"तसं नाही हो," त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "दाखवली असती, पण तुम्ही म्हणता 'नीट विचार'."

"मुलाच्या बापाला भर मैदानात 'साफ चूक' म्हणणारा मुलीचा बाप मी पाहिला नव्हता," आचार्य पुढे म्हणाले. "लग्न पक्कं करायचं म्हणून तुम्ही गप्प बसला असतात, तर मला कळलं असतं आणि मग मीच मोडलं असतं. आमच्याकडून होकार आहे तो आहेच. पण एक सांगा. त्या शेवटच्याला तुम्ही बाद दिलंत, ते काय पाहून?"

नरसिंहरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "मी कुठं बाद दिलं? मी जीव वाचवायला हात वर केला!"

भीमाचार्य हसले. आधी हळू, मग सगळं अंग गदगदा हलेपर्यंत. जयनगरात त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून रत्नाकर दुर्बीण घेऊन कुंपणाशी आले.

हसणं ओसरल्यावर आचार्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आता मुलीचं तेवढं कळू दे, अक्का. तिचं अजून 'बघते'च आहे ना?"

पद्मावतीबाई घाईनं आत गेल्या. ओसरीवरचे दोघे बाप कान देऊन बसले. आतून वसुमतीचा आवाज आला. ती आईलाच सांगत होती, पण गणिताच्या मास्तरणीचा आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"बघून झालं माझं. बाद नसताना बाद दिलं, तरी तो माणूस एक शब्द न बोलता निमूट चालू पडला. वर खुर्चीही उचलून ठेवली. अम्मा, असा नवरा कुठं मिळतो?"

ओसरीवर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघेही आपापल्या घरी कित्येक वर्षं तेच करत आले होते, पण त्याबद्दल असं चांगलं बोललेलं त्यांनी आजच पहिल्यांदा ऐकलं.